एडब्ल्यूएस बॅच टेराफॉर्ममधून उभारताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि ‘रनेबल’मध्ये अडकलेले जॉब

टेराफॉर्म (क्लाउडवरची रचना कोडमधून उभारणारं साधन) अप्लाय कुठेही न अडखळता पूर्ण झालं. कन्सोलमध्ये सगळं जागच्या जागी दिसतंय. जॉब पाठवला आणि तो ‘रनेबल’ (चालायला तयार, पण मशीनची वाट बघणारा) स्थितीत तासभर तसाच बसून आहे. एरर नाही, लॉगही नाही. लॉग नसणं साहजिकच आहे, कारण जॉब अजून कुठल्याच मशीनवर पोचलेला नाही.

बॅच ही कन्टेनरमधली कामं रांगेत लावून मशीनवर चालवणारी एडब्ल्यूएसची सर्व्हिस, आणि याचं मूळ तिच्या रचनेत आहे. कॉम्प्युट एन्व्हायर्नमेंट (मशीनचा साठा), जॉब क्यू (रांग), जॉब डेफिनिशन (जॉबचा साचा) आणि प्रत्यक्ष जॉब हे चार थर वेगवेगळे बनतात, आणि बनताना प्रत्येकाची तपासणी बहुतांशी स्वतःपुरतीच होते. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पहिला जॉब आल्यावरच कळतं. त्यातही न जुळणाऱ्या बऱ्याच गोष्टींना बॅच ‘चूक’ मानत नाही. जागा मिळेल या आशेने ते वाट बघत राहतं. म्हणून सगळा कोड एकदम लिहून एकदम अप्लाय करू नका. खालून वर चढा आणि प्रत्येक थर तपासूनच पुढे जा.

## ०. कोड लिहिण्याआधी ठरवायच्या गोष्टी

मेमरी आणि व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर). अंदाज नको, मोजमाप हवं. कामाचा सगळ्यात मोठा इनपुट घ्या, मेमरीची मर्यादा घालून कन्टेनर आपल्या मशीनवर चालवा आणि मेमरीचा सर्वोच्च आकडा टिपा. सरासरी इथे निरुपयोगी आहे, कारण मर्यादा एकदा ओलांडली की कन्टेनर मारला जातो.

काम पुन्हा चालवलं तर चालेल का? रिट्राय आणि स्पॉट मशीन (स्वस्त, पण मधेच काढून घेतलं जाऊ शकणारं) या दोन्हींचा पाया हाच आहे. तेच काम दुसऱ्यांदा चाललं तर आउटपुट दुप्पट होता कामा नये. आउटपुटचं नाव इनपुटवरून ठरवा, वेळेवरून किंवा यादृच्छिक आकड्यावरून नको. म्हणजे दुसरी फेरी पहिलीचं आउटपुट पुसून त्याच जागी लिहील.

एका जॉबला किती वेळ लागतो? काही सेकंदांचंच काम असेल तर मशीन मिळवणं आणि इमेज (ज्यातून कन्टेनर सुरू होतो तो तयार गठ्ठा) ओढणं यातच जास्त वेळ जाईल. अशी छोटी कामं एका जॉबमध्ये गठ्ठ्याने घाला.

फारगेट की ईसीटू? फारगेटमध्ये मशीन एडब्ल्यूएस सांभाळतं, ईसीटूमध्ये ती तुमच्या खात्यात उभी राहतात. जीपीयू हवा असेल, इन्स्टन्सचा (मशीनचा) प्रकार स्वतः निवडायचा असेल किंवा मोठी लोकल डिस्क लागणार असेल तर ईसीटू. यातलं काहीच नसेल तर फारगेटने सुरुवात करा. तिथे इन्स्टन्स रोल नाही, एजंट नाही, त्यामुळे बिघडण्याच्या जागाही कमी. मात्र फारगेटवर मेमरी आणि व्हीसीपीयूच्या ठरावीक जोड्याच चालतात. १ व्हीसीपीयूसोबत २ ते ८ जीबी, २ सोबत ४ ते १६ जीबी, ४ सोबत ८ ते ३० जीबी, आणि तेही १ जीबीच्या टप्प्यांनी. १ व्हीसीपीयू आणि दीड जीबी अशी मागणी फेटाळली जाते.

## १. इमेज

आधी इमेज ईसीआरमध्ये (एडब्ल्यूएसच्या इमेज साठवायच्या जागेत) पोचवा. पुढचे सगळे थर तिच्या पत्त्यावर अवलंबून आहेत. या पायरीवर चार गोष्टी हटकून चुकतात.

प्रोसेसरचा प्रकार. एआरएम चिपच्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज एक्स-८६ मशीनवर चालत नाही, जॉब सुरू होताच ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन पडतो. बिल्डच्या वेळी प्लॅटफॉर्म स्पष्ट सांगा.

कमांड. जॉब डेफिनिशनमधली कमांड ही शब्दांची यादी असते आणि ती शेलमधून जात नाही. पाइप, दोन अँड-चिन्हांनी जोडलेल्या कमांड किंवा फाइलच्या नावातली चांदणी यांना तिथे काहीच अर्थ नाही, ती अक्षरं जशीच्या तशी प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट म्हणून मिळतात. शेल हवाच असेल तर यादीची सुरुवात शेलच्या नावाने आणि त्याच्या ‘सी’ पर्यायाने करा. त्याहून बरं म्हणजे एक स्क्रिप्ट इमेजमध्येच ठेवा आणि कमांडमध्ये तिचं नाव द्या.

एक्झिट कोड. जॉब यशस्वी की अयशस्वी हे बॅच फक्त यावरून ठरवतं. बॅश स्क्रिप्टमध्ये पाइपमधली पहिली कमांड पडली आणि शेवटची चालली तर एकूण कोड शून्य येतो. मग जॉब ‘सक्सीडेड’ दिसतो आणि आउटपुट रिकामं असतं. पहिली चूक होताच थांबणं आणि पाइपमधलं अपयश वर पाठवणं, हे दोन्ही पर्याय स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींतच चालू करा.

सिग्नल. जॉब थांबवताना कन्टेनरला आधी ‘सिगटर्म’ (आवरून थांब) मिळतो आणि थोड्या वेळाने ‘सिगकिल’ (लगेच बंद). स्क्रिप्टने मुख्य प्रोग्रॅम ‘एक्झेक’ने सुरू केला नसेल तर सिगटर्म शेलपाशीच अडकतो आणि प्रोग्रॅमला आवराआवर करायला वेळच मिळत नाही.

तपासणी: क्लाउडवर देणार आहात तीच कमांड आणि तीच मेमरी मर्यादा लावून इमेज आपल्याकडे चालवा. मग मुद्दाम चुकीचा इनपुट द्या. एक्झिट कोड शून्य आला तर पुढे जाऊ नका.

## २. रोल: कोणाला कशाची परवानगी

रोल म्हणजे परवानग्यांचा संच. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण नावं सारखी वाटतात. प्रत्येक रोल कोण वापरतं, एवढा एकच प्रश्न विचारत चला.

सर्व्हिस रोल खुद्द बॅच वापरतं, मशीन उभी करायला आणि पाडायला. कोडमध्ये हा रकाना रिकामा सोडा, बॅच आपला सर्व्हिस-लिंक्ड रोल वापरतं. जुन्या लेखांतून उचललेला स्वतःचा सर्व्हिस रोल लावला तर पुढे एन्व्हायर्नमेंटमधले बरेचसे बदल जागच्या जागी करता येत नाहीत.

इन्स्टन्स रोल फक्त ईसीटूसाठी लागतो आणि मशीनवरचा ईसीएस एजंट (मशीनला कन्टेनर चालवणाऱ्या क्लस्टरशी जोडणारा प्रोग्रॅम) तो वापरतो. टेराफॉर्ममधल्या या रकान्यात रोलचा नव्हे, इन्स्टन्स प्रोफाइलचा एआरएन (एडब्ल्यूएसमधली पूर्ण ओळख) द्यायचा असतो. रकान्याच्या नावामुळे इथे हमखास फसगत होते.

एक्झिक्युशन रोल कन्टेनर सुरू होण्याआधी वापरला जातो. इमेज ओढणं, सीक्रेट वाचणं, लॉग पाठवणं ही त्याची कामं. फारगेटवर तो अनिवार्य आहे.

जॉब रोल तुमचा प्रोग्रॅम वापरतो. एसथ्री (एडब्ल्यूएसचं फाइल-कोठार) वाचणं, क्यूमध्ये संदेश टाकणं, डेटाबेसची परवानगी, सगळं इथे. शेवटच्या या दोन्ही रोलचा विश्वासू पक्ष (रोल वापरायची मुभा असलेला) एकच असतो, ईसीएस टास्कची सर्व्हिस. बॅचचं नाव तिथे घालू नका.

चूक ओळखा: कन्टेनर सुरू झाला, लॉगही आले आणि एसथ्रीवर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ मिळालं, तर परवानगी जॉब रोलऐवजी एक्झिक्युशन रोलला दिली गेली आहे किंवा जॉब रोल लावायचाच राहिला आहे. कन्टेनर सुरूच झाला नाही आणि इमेज किंवा सीक्रेट मिळाल्या नसल्याची तक्रार आली, तर एक्झिक्युशन रोल बघा, आणि मग पुढच्या टप्प्यातलं नेटवर्क.

आणखी दोन परवानग्या नेहमी विसरल्या जातात. टेराफॉर्म चालवणाऱ्या ओळखीला हे रोल पुढे सोपवायची ‘पास रोल’ परवानगी लागते. आणि जॉब पाठवणाऱ्याला ‘सबमिट जॉब’ची परवानगी क्यू आणि जॉब डेफिनिशन दोन्हींवर लागते. तिथे डेफिनिशनचा एआरएन रिव्हिजनच्या आकड्यासकट लिहिला तर पुढच्या रिव्हिजनला सगळं बंद पडेल, म्हणून आकड्याच्या जागी चांदणी द्या.

## ३. नेटवर्क

जॉबला आत येणारी वाट लागत नाही, बाहेर जाणारी लागते. सिक्युरिटी ग्रुपमध्ये इनबाउंड नियम शून्य ठेवा आणि आउटबाउंड निदान ४४३ पोर्ट उघडा. बाहेर पडायचे मार्ग तीन आहेत:

- प्रायव्हेट सबनेट आणि नॅट गेटवे. सोपा मार्ग, पण नॅटचे पैसे दर तासाला आणि दर जीबीला पडतात.
- पब्लिक सबनेट आणि पब्लिक आयपी. फारगेटवर जॉब डेफिनिशनच्या नेटवर्क भागात पब्लिक आयपी मुद्दाम चालू करावा लागतो. ईसीटूवर सबनेटची आपोआप पब्लिक आयपी देण्याची सेटिंग चालू हवी.
- व्हीपीसी एंडपॉइंट (इंटरनेटवर न जाता एडब्ल्यूएसच्या सर्व्हिसपर्यंत नेणारी खासगी वाट). फारगेटसाठी ईसीआरचे दोन, क्लाउडवॉच लॉग्जचा एक आणि एसथ्रीचा गेटवे एंडपॉइंट. ईसीटू असेल तर ईसीएसचे तीनही: मुख्य, एजंट आणि टेलिमेट्री. सीक्रेट वापरत असाल तर त्या सर्व्हिसचाही.

एंडपॉइंटच्या मार्गात एसथ्री सर्वाधिक विसरला जातो. ‘आमचा जॉब एसथ्रीला हातच लावत नाही’ असं म्हणून तो वगळतात, पण ईसीआरमधल्या इमेजचे थर एसथ्रीवरूनच येतात. गेटवे एंडपॉइंट फुकट आहे, वगळायचं कारण नाही. शिवाय इंटरफेस एंडपॉइंटच्या स्वतःच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये जॉबकडून येणारा ४४३ उघडा असावा लागतो. जॉबच्या ग्रुपवर सगळं ठीक दिसतं आणि दार पलीकडून बंद असतं.

लक्षणं: फारगेटवर नेटवर्क चुकलं तर जॉब ‘स्टार्टिंग’पर्यंत जाऊन ‘फेल्ड’ होतो आणि कारणात रिसोर्स इनिशियलायझेशनचा उल्लेख असतो. ईसीटूवर चित्र वेगळं. मशीन सुरू होतं, त्याचं बिलही चालू होतं, आणि जॉब ‘रनेबल’च राहतो, कारण मशीनवरच्या एजंटला क्लस्टरपर्यंत पोचताच आलेलं नाही.

## ४. कॉम्प्युट एन्व्हायर्नमेंट

प्रकार ‘मॅनेज्ड’ ठेवा. बाकीचे रकाने असे भरा (किमान आणि अपेक्षित व्हीसीपीयू व अ‍ॅलोकेशन पद्धत हे रकाने फक्त ईसीटूसाठी).

किमान व्हीसीपीयू ०. याहून जास्त ठेवलं तर काम नसतानाही मशीन चालू राहतं आणि पैसे जात राहतात. काम लगेच सुरू व्हायलाच हवं असेल तेवढ्यापुरताच अपवाद करा.

कमाल व्हीसीपीयू सुरुवातीला मुद्दाम छोटा ठेवा, ८ किंवा १६. चुकून दहा हजारांचा अ‍ॅरे जॉब (एकाच कामाच्या क्रमांक दिलेल्या अनेक प्रती) पाठवला गेला तर हीच तुमची एकमेव लगाम आहे. ऑन-डिमांडवरचं ‘बेस्ट फिट’ सोडून बाकी सगळीकडे बॅच ही मर्यादा एखाद्या इन्स्टन्सपुरती ओलांडू शकतं, तेवढी सवड धरा.

अपेक्षित व्हीसीपीयू कोडमध्ये लिहूच नका. हा आकडा बॅच स्वतः सतत बदलतं. लिहिलात तर दर प्लॅनमध्ये फरक दिसेल, आणि अप्लाय केलंत तर कामाच्या मधोमध ओढाताण सुरू होईल. लाइफसायकल ब्लॉकमध्ये त्याकडे दुर्लक्ष करायला सांगा.

अ‍ॅलोकेशन पद्धत स्पष्ट लिहा. रकाना रिकामा सोडला तर ‘बेस्ट फिट’ लागतं. ते एकाच सर्वात जुळणाऱ्या इन्स्टन्स प्रकाराला चिकटून राहतं आणि तो मिळेपर्यंत थांबतं. ऑन-डिमांडसाठी ‘बेस्ट फिट प्रोग्रेसिव्ह’ आणि स्पॉटसाठी ‘स्पॉट प्राइस कपॅसिटी ऑप्टिमाइज्ड’ घ्या. स्पॉटवर एकच इन्स्टन्स प्रकार देणं म्हणजे वाट बघण्याची तयारी. चार-पाच फॅमिली आणि निदान दोन-तीन झोनमधले सबनेट द्या.

नाव पूर्ण न देता उपसर्ग द्या आणि लाइफसायकलमध्ये ‘आधी नवं बनव, मग जुनं पाड’ हा पर्याय लावा. काही बदलांना एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवावंच लागतं. क्यूला जोडलेलं जुनं एन्व्हायर्नमेंट पाडता येत नाही आणि त्याच नावाने नवं बनवता येत नाही, मग अप्लाय मधेच अडकतं.

इशारा: स्वतःचा सर्व्हिस रोल वापरत असाल तर एन्व्हायर्नमेंटमध्ये त्या रोलच्या पॉलिसी अटॅचमेंटवर ‘डिपेंड्स ऑन’ लावलंच पाहिजे. नाहीतर डिस्ट्रॉय करताना टेराफॉर्म पॉलिसी आधी काढतं, बॅचच्या हातात परवानगी उरत नाही आणि एन्व्हायर्नमेंट ‘डिलीटिंग’मध्ये कायमचं लटकतं. सोडवायचं तर त्याच नावाचा रोल हाताने परत बनवावा लागतो.

तपासणी: स्टेटस ‘व्हॅलिड’ आणि स्टेट ‘एनेबल्ड’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बघा. बॅचने बनवलेल्या ऑटो स्केलिंग ग्रुपला किंवा ईसीएस क्लस्टरला हाताने काही करू नका, एन्व्हायर्नमेंट ‘इनव्हॅलिड’ होऊ शकतं.

## ५. जॉब क्यू

इथे फार काही नाही. एका क्यूला जास्तीत जास्त तीन एन्व्हायर्नमेंट जोडता येतात आणि त्यांचा क्रम पाळला जातो. फारगेट आणि ईसीटू एकाच क्यूत मिसळता येत नाहीत. प्रायॉरिटीचा आकडा जितका मोठा तितका क्यू आधी. बरेच जण १ म्हणजे पहिला नंबर असं धरून चालतात आणि उलटं होतं.

एक रकाना मात्र आवर्जून भरा: जॉब स्टेट टाइम लिमिट अ‍ॅक्शन. रांगेच्या तोंडाशी ‘रनेबल’मध्ये अडकलेला जॉब ठरावीक वेळेनंतर, १० मिनिटांपासून २४ तासांपर्यंत, आपोआप रद्द करता येतो. मशीनची कमतरता, कमाल व्हीसीपीयूपेक्षा मोठी मागणी, कुठल्याच इन्स्टन्सवर न मावणारा जॉब अशा कारणांसाठी वेगवेगळे नियम लावता येतात. साधी रांग आल्या क्रमाने चालते, त्यामुळे तोंडाशी अडकलेला एक अवाढव्य जॉब मागच्या सगळ्यांना रोखून धरतो.

## ६. जॉब डेफिनिशन

टेराफॉर्ममध्ये कन्टेनरची माहिती जेसॉनच्या रूपात जाते. किल्ल्यांची नावं उंटाच्या पाठीसारख्या मधल्या मोठ्या अक्षरांची असतात, टेराफॉर्मच्या नेहमीच्या अंडरस्कोअर पद्धतीची नाहीत.

व्हीसीपीयू आणि मेमरी ‘रिसोर्स रिक्वायरमेंट्स’च्या यादीत द्या आणि आकडे अवतरणचिन्हांत लिहा, तिथे स्ट्रिंगच लागते. मेमरीचं एकक एमआयबी आहे, जीबी नाही. दोन जीबी हवी तर २०४८.

ईसीटूवर मेमरीचा सापळा: ८ जीआयबीच्या मशीनसाठी ८१९२ मागू नका. ऑपरेटिंग सिस्टिम आणि एजंटचा वाटा वजा जाऊन कन्टेनरला त्याहून कमी मेमरी उरते. यादीत मोठा इन्स्टन्स असेल तर बॅच तो घेईल आणि दुप्पट मेमरीचे पैसे लागतील. नसेल तर जॉब ‘रनेबल’मध्ये अडकून बसेल. ७००० ते ७५०० च्या दरम्यान मागा आणि नेमका आकडा क्लस्टरमध्ये त्या मशीनची नोंदलेली मेमरी बघून पक्का करा.

टाइमआउट नेहमी लावा. किमान ६० सेकंद चालतात आणि तो प्रत्येक प्रयत्नाला वेगळा मोजला जातो. नसेल तर नेटवर्कवर अडकलेला जॉब शांतपणे बिल वाढवत राहतो. मोजलेल्या कमाल वेळेच्या दीडपट ते दुप्पट ठेवा.

रिट्राय १ ते १० प्रयत्नांपर्यंत देता येतो, पण सरसकट ५ लावणं चुकीचं. कोडमध्येच चूक असेल तर तीच चूक पाचदा विकत घ्याल. ‘इव्हॅल्युएट ऑन एक्झिट’मध्ये पाचपर्यंत अटी देता येतात आणि स्पॉटसाठी दोन पुरतात. पहिली, स्टेटस रीझन ‘होस्ट ईसीटू’ने सुरू होत असेल तर पुन्हा चालव, हे मशीन काढून घेतल्याचं लक्षण. दुसरी, बाकी कुठलंही कारण असेल तर थांब. क्रम महत्त्वाचा, जी अट आधी जुळते ती लागू होते.

इमेज डायजेस्टने (इमेजच्या आशयावरून ठरणाऱ्या, न बदलणाऱ्या ओळखीने) द्या, ‘लेटेस्ट’ टॅगने नको. मोठ्या अ‍ॅरे जॉबच्या मधोमध कोणी नवी इमेज चढवली तर अर्धी कामं जुन्या कोडवर आणि अर्धी नव्यावर चालतील, आणि हे कुठल्याही लॉगमध्ये लिहिलेलं सापडणार नाही.

लॉग ठरवलं नाही तर बॅचच्या सामाईक ग्रुपमध्ये जातात. स्वतःचा ग्रुप द्यायचा असेल तर तो टेराफॉर्ममध्ये आधी बनवा, नसलेल्या ग्रुपमुळे जॉब सुरू होतानाच पडतो.

## ७. पहिले जॉब, या क्रमाने

१. फक्त आपली ओळख छापणारा आणि एसथ्री बकेटची यादी काढणारा जॉब. यात इमेज, नेटवर्क, लॉग आणि जॉब रोल एकदमच तपासले जातात. हा चालला नाही तर खरं काम पाठवण्यात अर्थ नाही.

२. खऱ्या कामाचा सगळ्यात छोटा इनपुट.

३. सगळ्यात मोठा इनपुट. कन्टेनर १३७ या कोडने पडला तर बहुतेक वेळा मेमरी कमी पडली आहे.

४. आकार २ चा अ‍ॅरे जॉब. अ‍ॅरेचा आकार २ ते १०,००० चालतो आणि इंडेक्स ० पासून सुरू होतो. यादीची फाइल १ पासून वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ चुकते किंवा शेवटची कधी येतच नाही. आकार २ ला हे लगेच दिसतं, १०,००० ला कोणी मोजत बसत नाही.

५. मग पूर्ण आकार, आणि त्यासोबत कमाल व्हीसीपीयू वाढवा.

इनपुटची लांबलचक यादी सबमिट करताना पाठवू नका. ती एसथ्रीवर ठेवा आणि जॉबला फक्त तिचा पत्ता द्या.

## ८. तरीही ‘रनेबल’मध्ये अडकला तर

या क्रमानेच बघा, स्वस्त तपासणी आधी. क्यू आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही एनेबल्ड आणि व्हॅलिड आहेत का? जॉबची मागणी यादीतल्या सगळ्यात मोठ्या इन्स्टन्सवर मावते का? आधीच्या जॉबनी कमाल व्हीसीपीयू संपवले आहेत का? त्यानंतर ईसीटूवर मशीन सुरू झालं आहे की नाही ते बघा, कारण इथून वाट फुटते.

मशीन नसेल तर ऑटो स्केलिंग ग्रुपची अ‍ॅक्टिव्हिटी हिस्ट्री उघडा. खात्याचा व्हीसीपीयू कोटा संपला असेल किंवा त्या झोनमध्ये क्षमता नसेल तर ते तिथे लिहिलेलं असतं. ऑन-डिमांड आणि स्पॉटचे कोटे वेगळे असतात आणि नव्या खात्यात ते बरेच कमी असू शकतात.

मशीन असेल पण ईसीएस क्लस्टरमध्ये नोंदलेले इन्स्टन्स शून्य असतील तर दोष इन्स्टन्स प्रोफाइलमध्ये किंवा नेटवर्कमध्ये आहे. टप्पा २ आणि ३ पुन्हा तपासा.

## ९. बदल आणि पाडकाम

जॉब डेफिनिशन बदलली की नवी रिव्हिजन बनते आणि टेराफॉर्म डीफॉल्टने जुनी नोंद रद्द करतं. जॉब पाठवणाऱ्या कोडमध्ये रिव्हिजनचा आकडा पक्का लिहिला असेल तर तो अप्लायनंतर पडेल. नुसतं नाव दिलं तर शेवटची सक्रिय रिव्हिजन घेतली जाते.

पाडताना क्रम उलटा: आधी चालू जॉब संपवा किंवा थांबवा, मग क्यू बंद करून काढा, मग एन्व्हायर्नमेंट, रोल सगळ्यात शेवटी. टेराफॉर्म हा क्रम सांभाळतं, पण संदर्भ कोडमध्ये खरेखुरे दिलेले असतील तरच. एआरएन हाताने स्ट्रिंग म्हणून चिकटवले असतील तर त्याला नातं कळत नाही.

बॅचचा सामाईक लॉग ग्रुप टेराफॉर्मने बनवलेला नसल्याने डिस्ट्रॉयनंतरही उरतो आणि त्यातले लॉग आपोआप संपत नाहीत. मुदत स्वतः लावा. ईसीआरमधली जुनी इमेज पुसणारी पॉलिसीही बघून घ्या. टॅग नसलेल्या इमेज ती काढत असेल आणि तुमच्या डेफिनिशनमधल्या डायजेस्टला टॅग उरला नसेल, तर एका सकाळी इमेज सापडत नाही म्हणून सगळे जॉब पडतील. वापरात असलेल्या प्रत्येक इमेजला कधीही न हलणारा एक टॅग ठेवा आणि पॉलिसीच्या नियमांत तो टॅग येऊ देऊ नका.